दुखवट्याची रजा

प्रीतम घाग जन्माला आला तोच नाक मुरडत, असं त्याची आई शीला सांगायची. दुधावर साय दिसली की हा ताटावरून उठायचा. पंगतीत शेजारच्याने भुरका मारला की ह्याची भूक मेली. एकदा गावाला जाताना एसटीत मागच्या बाकावर कोणी ओकलं, तर हा शहाणा संगमेश्वराच्या अलीकडे उतरला आणि भर उन्हात चालत मामाच्या घरी पोचला. मामा अजून ती गोष्ट लग्नाकार्यात सांगतो आणि लोक अजून हसतात.

हेच नाक पुढे त्याच्या पोटापाण्याला लागलं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये फरसाणाची एक कंपनी आहे, तिथे माल तपासायचं काम त्याला मिळालं. शेवेची मूठ नाकाशी न्यायची आणि तेल चांगलं की खवट ते सांगायचं. प्रीतमने ‘खवट’ म्हटलं की कढई रिकामी करावी लागे, त्यामुळे तळणावरची माणसं त्याला मनातल्या मनात शिव्या घालत. पण नाक खोटं बोलत नाही हे त्यांनाही माहीत होतं. प्रीतमला स्वतःलाही खोटं जमत नसे. ते काही फार मोठं तत्त्व नव्हतं. खोटं बोललं की त्याच्या तोंडाला घाण चव यायची, एवढंच.

त्याची बायको रुचिता कल्याणच्या एका पतपेढीत. कोपरला वन बीएचके, रुचिता, प्रीतम आणि शीला. दिवस गेले तेव्हा तिघांनी बसून विचार केला. रुचिताची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली, म्हणजे बाळंतपणाला जायचं माहेर होतं ते नावाला. शीलाचे गुडघे असे, की खाली बसली तर उठवायला दोन माणसं लागत. मग बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कोण घालणार? मालीश करणाऱ्या भीमाबाईंना सांगून ठेवलं होतं, पण त्या नवरात्रात गावी जाणार हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. आणि बाळाची तारीख नेमकी नवरात्रातली.

“मला सहा महिने रजा आहे,” रुचिता म्हणाली. “त्यातला एक महिना तुला देता आला तर? बाळ काय माझ्या एकटीचं आहे?”

तिने भाबडेपणाने पतपेढीत तसं विचारलंसुद्धा. मॅनेजर पोट धरून हसला. “अहो मॅडम, रजा म्हणजे काय डब्यातली भाजी आहे, अर्धी नवऱ्याला द्यायला?” ती घरी येऊन हे सांगताना हसली, पण तिचे कान लाल झालेले प्रीतमने पाहिले.

मग प्रीतम आपल्या साहेबाकडे गेला. साहेबाचं नाव रवींद्र. हा रवींद्र म्हणजे दर आठ मार्चला कंपनीतल्या बायकांना एकेक गुलाब देऊन ‘समानता आमच्या रक्तातच आहे’ असं माइकवर सांगणारा माणूस. प्रीतमला दरवर्षी त्या भाषणाला खवट तेलाचा वास यायचा, पण भाषण काही कढईत ओतून देता येत नाही.

“रजा? कसली?” साहेबाने विचारलं.

“बाळंतपणाची.”

“कोणाच्या?”

“बायकोच्या, सर.”

“मग बायको घेईल की! तुला काय बाळंत व्हायचंय?” साहेबाला स्वतःचा विनोद इतका आवडला की त्याने दार उघडून बाहेरच्या दोघांना बोलावून तो पुन्हा सांगितला. मग जरा प्रेमात येऊन म्हणाला, “अरे, मी माझ्या पोराचं तोंड चौथ्या दिवशी बघितलं. ऑडिट होतं. काय बिघडलं? आज पुण्यात इंजिनीयर आहे.” तो पोरगा फोन फक्त आईला करतो, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. साहेबाला ते कधी खटकल्याचं दिसलं नाही.

त्या दिवसापासून पॅकिंगला प्रीतमचं नाव ‘बाळंतीणबाई’ पडलं. “काय बाळंतीणबाई, शेक घेतला का?” “डिंकाचे लाडू आणलेत का डब्यात?” तळणावरच्या माणसांनी तर कित्येक वर्षांचा सूड उगवून घेतला. फक्त धाकू हसत नसे. धाकू कढईवरचा सगळ्यात जुना कारागीर. तो एवढंच म्हणायचा, “नको मनावर घेऊस रे. ह्यांना चकली सोडून कायपण वळता येत नाय.”

मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. प्रीतमने साठवून ठेवलेल्या सगळ्या रजा हॉस्पिटलात संपवल्या आणि दोघींना घरी आणून तो कामावर गेला. कंपनीच्या ग्रुपवर त्याने ‘मुलगी झाली’ असं टाकलं, त्यावर चार अंगठे आले आणि एकाने विचारलं, पेढे कधी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घराचं दार उघडलं आणि त्याच्या नाकाला काहीतरी लागलं. धुरी, वेखंड, बाळाचं तेल ह्या सगळ्याच्या खालून येणारा, गोडसर कुजका वास. रुचिता म्हणाली, थोडी कणकण आहे एवढंच. शीला म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीला वास असतोच. प्रीतमने ऐकलं नाही. सकाळी डॉक्टरकडे नेलं तर टाके पिकलेले. काही टाके काढून जखम मोकळी केली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की जखम आतून भरत येईपर्यंत हिने मूलसुद्धा उचलायचं नाही, पाजायला कोणीतरी हातात आणून द्यायचं, आणि दोन वेळा पट्टी बदलायची.

नर्सने एकदा करून दाखवलं आणि मग ते काम प्रीतमने घेतलं. शीला दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली, पोरगा आता पडतोय की मग पडतोय म्हणून. पोरगा पडला नाही. पू पुसला, औषध भरलं, पट्टी लावली, हात धुतले, आणि मुलीने तेवढ्यात दुपट्यात केलं होतं तेही काढलं.

“तुला साय बघवत नाही,” शीला म्हणाली, “नि ह्यां कसां बघवतां रे?”

“माहीत नाही,” प्रीतम म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

पण आता घरी राहायला रजा हवी होती आणि ती तर संपलेली. रवींद्र साहेबाला पुन्हा विचारायचं म्हणजे पुन्हा तोच विनोद. म्हणून त्याने ऑफिसात हजेरी बघणाऱ्या कृतिकाला फोन लावला. मुलगी खांद्यावर, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, एका हातात दुपटं. “कृतिका, मला काही दिवस येता येणार नाही,” त्याने सुरुवात केली, आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या मंदाकिनीताई दारात आल्या. त्या ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला जाऊन आल्या होत्या आणि हातात प्रसादाचा द्रोण होता.

“नको गो बाय, घरात नको आणूस!” शीला आतून ओरडली. “सोयर हाय आमच्याकडं!”

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर, आणि घरात माणूस मेलं की सुतक. दोन्हींत देवाला शिवायचं नाही. शीलाने तर यंदा घटही बसवले नव्हते. पण घोडबंदर रोडला वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या कृतिकाने हा शब्द ऐकला होता तो फक्त जोडीने, ‘ह्याला कशाचं सोयरसुतक नाही’ असा.

“अय्यो सर! सोयरसुतक आहे का घरी?” तिने हळू आवाजात विचारलं.

त्याच क्षणाला मुलीने प्रीतमच्या पाठीवर गरम धार सोडली. “हो, हो, तेच,” तो म्हणाला आणि मोरीकडे पळाला.

चहा निवायच्या आत फोन वाजायला लागला. ग्रुपवर कृतिकाने लिहिलं होतं, प्रीतम घाग सरांच्या घरी दुःखद घटना. त्याखाली रांगच लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. ॐ शांती. जोडलेले हात. कोणी समईचं चित्र टाकलं, कोणी काळा चौकोन. जे चौघे मुलीच्या बातमीवर अंगठा देऊन गप्प झाले होते त्यांच्या जागी आता चाळीस माणसं दुःखात बुडाली होती. सगळ्यात खाली रवींद्र साहेब. ‘कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. प्रीतम, तेराव्यापर्यंत निश्चिंत राहा. दुखवट्याची रजा मंजूर.’

प्रीतमने ते उभ्याउभ्या वाचलं. हातात न्हाऊन लाल झालेली, मूठ चोखणारी त्याची मुलगी होती, आणि तिच्या डोक्यावरून तो श्रद्धांजल्या वाचत होता. कोण गेलं, हे चाळिसातल्या एकानेही विचारलं नव्हतं.

“सांगून टाक, चूक झाली म्हणून,” रुचिता पलंगावरून म्हणाली. मग दुपारची पट्टी बदलायची वेळ झाली, तिने उशी दातांत धरली, आणि झाल्यावर डोळे मिटूनच म्हणाली, “नको. टाके भरू देत आधी.”

प्रीतम गप्प राहिला. तो खोटं बोलला नव्हता. पण न बोलूनही तोंडाला तीच घाण चव येते हे त्याला त्या दिवशी कळलं. शीलाने मात्र तोंड सोडलं. “जित्या घरात मढां मागून घेतलांस!” असं म्हणत तिने मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि आधी मुलीची, मग रुचिताची आणि शेवटी प्रीतमचीही दृष्ट काढली.

रविवारी सकाळी प्रीतम मोरीच्या उंबऱ्यात पाय लांब करून बसला होता. पायांवर मुलगी पालथी, पाठीला साबण. शीला दारातल्या दोरीवर लंगोट वाळत घालत होती, म्हणून बाहेरचं दार उघडं. आणि दारात रवींद्र साहेब उभा राहिला, पांढरा सदरा, पाडलेला चेहरा. मागे धाकू, त्याच्या हातात शेवंतीचा हार.

“प्रीतम, कोण आलंय?” आतून रुचिताने विचारलं. मुलगी सूर लावून रडली. धाकूने एकदा तिच्याकडे बघितलं आणि लहान पोरासारखा हार पाठीमागे लपवला.

“म्हणजे,” साहेब म्हणाला, “दोघी आहेत?”

‘आहेत?’ हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू दुकानात हवा तो माल मिळाला नाही. पुढे धाकूने एकदा सांगितलं तेव्हा प्रीतमला त्यामागचं कळलं. कँटीनमध्ये दोन तट पडले होते. अर्धे म्हणत होते बायको गेली, अर्धे म्हणत होते बाळ. साहेब बायकोच्या बाजूचा होता.

प्रीतमने मुलीच्या अंगावरचा साबण धुतला, तिला टॉवेलात गुंडाळलं, रुचिताकडे पाजायला दिलं आणि बाहेर येऊन जे झालं ते सरळ सांगितलं. सोयर काय, सुतक काय, कृतिकाने काय ऐकलं, आणि आपण गप्प का राहिलो. “चूक माझी पण आहे, सर. पण बायकोचे टाके पिकलेत. तिला मूल उचलता येत नाही. मला रजा पाहिजे. ह्याच कारणाची पाहिजे.”

साहेब चिडला असता तर प्रीतमला बरं वाटलं असतं. पण साहेबाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती, आणि तीही स्वतःची.

“अरे, मी शेठना सांगून बसलोय,” तो म्हणाला. “शेठनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली फ्लोअरवर, मशीन बंद करून. आता कोणी गेलंच नाही म्हटल्यावर माझं तोंड कसं दिसेल?”

“मुलगी झाली म्हणून रजा द्या ना, सर. तसं सांगा शेठना.”

“जेन्ट्सला तशी रजा नसते रे बाबा! किती वेळा सांगू?” साहेबाने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. “बघ, मी काय वाईट माणूस नाही. तुझी अडचण मला दिसते. दिलेली रजा मी काढत नाही. फक्त मयताचं नाव लागतं. ते तेवढं दे. गावाकडचं कोणतरी, लांबचं, म्हातारं. आधीच गेलेलं असलं तरी चालेल. कोण बघायला जातंय?”

आणि प्रीतम आठवू लागला. खरोखर आठवू लागला. आत्या तीन वर्षांपूर्वी गेली, तिचं चालेल का? की थोरल्या काकांचं घालावं? मेलेल्या माणसांना ओळीने उभं करून तो त्यांच्यातून एक निवडत होता, भाजी निवडावी तसा. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच इतकी शिसारी आली, की त्याने आईच्या पदराला धरावं तसं खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं.

ते बघून शीला पुढे आली. तिच्या हातात ओला लंगोट होता.

“माझां घाला नाव,” ती म्हणाली. “शीला रघुनाथ घाग. त्याला घरात ऱ्हाव दे. माझां काय, आज ना उद्या जायचांच हाय.”

प्रीतमला वाटलं, साहेब आता ओशाळेल. कसाही असला तरी माणूस आहे, समोर जिवंत बाई स्वतःचं मढं देऊ करते म्हटल्यावर मान खाली घालेल, निदान ‘असं बोलू नका’ म्हणेल. रवींद्र साहेबाने खिशातून फोन काढला.

“आईचं असलं तर मग प्रश्नच नाही, फर्स्ट रिलेशन,” तो म्हणाला. “रघुनाथ ना, मावशी? आणि वय काय लिहू?”

“उठा,” प्रीतम म्हणाला.

“काय?”

“उठा सर. घरात ओली बाळंतीण आहे. जखम उघडी आहे तिची. घाण नको.”

साहेब उठला. तो जिना उतरेपर्यंत कंपनी, कुटुंब, उपकार आणि आजकालची पोरं ह्या विषयांवर बोलत होता आणि बोलणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं. धाकू मागे रेंगाळला. हार त्याने पिशवीत कोंबला होता. तो आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला, रुचिताला लांबूनच नमस्कार केला, आणि मुलीच्या मुठीत दहाची नोट सरकवून म्हणाला, “पहिल्यांदा बघितली ना मी हिला. रिकाम्या हाताने बघू नये.” मग तोही उतरला.

सोमवारी कृतिकाचा फोन आला तेव्हा प्रीतमचे हात औषधाने भरलेले होते, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकून रुचिताच्या उशाशी ठेवला.

“सर, एक स्पेलिंग विचारायचं होतं,” ती म्हणाली. “शीला. डबल ई का सिंगल आय?”

प्रीतमने पट्टी हातातच धरली. साहेबाने नाव भरायला सांगितलं होतं तर. घरातून हाकलल्यावरही सांगितलं होतं. शेठना तोंड दाखवायला हवं होतं ना.

“कृतिका, आई इथे बसून भोपळा चिरतेय. देऊ फोन तिच्याकडे?”

“सर, मला जे भरायला सांगितलंय तेच मी...”

“मुलगी झाली असं भर. तेच झालंय.”

“ते येत नाही, सर. मी फोन करायच्या आधी बघितलं. सिकनेस येतं, मॅरेज येतं, डेथ येतं. जेन्ट्सला बर्थ येतच नाही.”

“मग काय येतं?”

“मग नुसतं गैरहजर लागतं. आणि सलग आठवडा गैरहजर लागलं की सिस्टीम नावच काढून टाकते.” कृतिका वाईट नव्हती. “सर, भरू दे ना आईंचं. नुसतं नाव तर आहे. कोणाला कळतंय?”

प्रीतमने रुचिताकडे बघितलं. घर चालायचं ते आता तिच्या पगारावर, हे दोघांनाही कळत होतं. तिचं कपाळ घामाने ओलं होतं. पलीकडे शीलाची सुरी थांबली होती आणि ती मान वर न करता ऐकत होती.

“गैरहजर लावू दे,” रुचिता म्हणाली.

“गैरहजर लाव,” प्रीतमने फोनकडे तोंड करून सांगितलं.

त्याने पट्टी लावली, हात धुतले आणि भूक लागून रडणाऱ्या मुलीला उचलून तिच्या आईच्या कुशीत दिलं. तो आठवडाभर रात्रंदिवस घरात होता, आणि कंपनीत त्याच्या नावासमोर रोज एक फुली पडत होती.